विमान उतरलं, पण पैसे का आले नाहीत? फ्लाइट सिम्युलेटरमधलं ‘नोकरी’चं पहिलं उड्डाण असं होतं पूर्ण

“दादा, विमान नागपूरला उतरवलं. एकदम मस्त. पण पैसेच आले नाहीत.”

रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. तो गोंदिया जिल्ह्यात राहतो, बारावीला आहे. घरावरून दिवसभर बिरसीच्या विमानतळावरची प्रशिक्षणाची छोटी विमानं घिरट्या घालतात. त्यामुळे ‘पायलट व्हायचं’ हे त्याचं ठरलेलं. गेले काही महिने तो कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर खेळतोय आणि आता त्यातलं ‘करिअर’ सुरू केलंय. म्हणजे नुसतं विमान उडवायचं नाही. काम घ्यायचं, माल किंवा प्रवासी पोहोचवायचे, खेळातला पगार कमवायचा आणि त्यातून पुढे स्वतःचं विमान घ्यायचं.

पन्नास मिनिटं उडून, नीट उतरूनही त्याच्या खात्यात शून्य. प्रोग्रॅमने फसवलं, असं त्याचं म्हणणं. माझं इंजिनीअरिंग झालेलं असल्यामुळे घरात काहीही बिघडलं की फोन मलाच येतो. त्याने स्क्रीनशॉट पाठवले, मी रात्री दीडपर्यंत बघत बसलो. फसवणूक नव्हती. विमान उतरलं होतं, पण उड्डाण ‘पूर्ण’ झालं नव्हतं. नवख्यांचा पहिला प्रयत्न बहुतेक वेळा याच फरकामुळे वाया जातो.

करिअर गेम म्हणजे नेमकं काय?

फ्लाइट सिम्युलेटर नवा नाही. ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीने १९८० मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरसाठी तो आणला. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नावाने तो आयबीएम पीसीवर आणला. तेव्हा पडद्यावर चार रेघा दिसायच्या. आज उपग्रह छायाचित्रांवरून आपलं गावही दिसतं.

पण नुसतं उडण्याचा कंटाळा येतो. कुठे जायचं, कशासाठी जायचं, हा प्रश्न उरतो. करिअर गेम त्याचं उत्तर देतात. ते दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार सिम्युलेटरच्या आतच असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ मध्ये करिअर मोड आहे. तुम्ही एक विमानतळ निवडता, प्रशिक्षण घेता, खेळातला खासगी परवाना आणि मग व्यावसायिक परवाना मिळवता. त्यानंतर मालवाहतूक, पर्यटक फिरवणं, शेतीवर फवारणी, आग विझवणं अशी कामं उघडत जातात.

दुसरा प्रकार बाहेरून जोडायचा असतो. एफएसइकॉनॉमी, ऑनएअर, निओफ्लाय ही त्यातली परिचित नावं. यात सिम्युलेटर फक्त विमान उडवतो. काम, पैसा, भाडं, इंधनाचा खर्च हा सगळा हिशेब वेगळा प्रोग्रॅम ठेवतो. एफएसइकॉनॉमी मोफत आहे आणि त्यातली दुनिया सगळ्या खेळाडूंची सामाईक आहे. तुम्ही विमान नागपूरला सोडलं, तर पुढच्या खेळाडूला ते नागपूरलाच मिळतं.

भाऊ या दुसऱ्या प्रकारातला एक प्रोग्रॅम वापरत होता.

ट्रॅकरला तुमचं विमान ‘दिसतं’ कसं?

हिशेब ठेवणाऱ्या या छोट्या प्रोग्रॅमला ट्रॅकर म्हणतात. तो तुमचा पडदा बघत नाही. सूर्यास्त किती सुंदर होता, तुम्ही किती घाबरला होता, हे त्याला कळत नाही. त्याला दिसतात फक्त आकडे.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘सिमकनेक्ट’ नावाची सोय आहे. तिच्यातून बाहेरचा प्रोग्रॅम सिम्युलेटरला सतत विचारत राहतो: अक्षांश-रेखांश काय? उंची किती? वेग किती? चाकं जमिनीवर आहेत का? इंजिन सुरू आहे का? पार्किंग ब्रेक लावलाय का? टाकीत इंधन किती? एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये हेच काम प्लगइनमार्फत होतं.

या उत्तरांवरून ट्रॅकर ठरवतो की तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात. टप्पे ठरलेले असतात: तयारी, जमिनीवरून धावपट्टीकडे, उड्डाण, हवेत, उतरलं, थांबलं, पूर्ण. एक टप्पा झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही. आणि पैसे जमा होतात ते ‘पूर्ण’ला, ‘उतरलं’ला नाही.

एसटीच्या कंडक्टरसारखं समजा. बस शेवटच्या थांब्यावर पोहोचली, प्रवासी उतरले, म्हणून त्याची ड्युटी संपत नाही. डेपोत जाऊन हिशेब जमा केला, की मग संपते. भावाने बस थांब्यावर उभी केली आणि तिथूनच घरी निघून गेला, असं झालं होतं.

मग चूक कुठे झाली?

त्याने दोन रात्री दोन प्रयत्न केले होते.

पहिल्या रात्री त्याने सिम्युलेटर सुरू केला, बिरसीहून उड्डाण केलं आणि तिरोड्याच्या जवळपास आल्यावर आठवलं की ट्रॅकरमधलं ‘स्टार्ट’ दाबायचं राहिलंय. मग हवेतच दाबलं. ट्रॅकरने बघितलं, तर विमान निघायच्या विमानतळावर नाहीच. त्याने काम सुरूच केलं नाही.

दुसऱ्या रात्री सुरुवात बरोबर केली. नागपूरला उतरला, टॅक्सी-वेवर आला, आनंदाने उड्या मारल्या आणि इंजिन चालू असतानाच सिम्युलेटर बंद केला. ट्रॅकरच्या दृष्टीने विमान ‘उतरलं’ या टप्प्यावर होतं आणि मग अचानक आकडे येणं थांबलं. विमान गेलं कुठे, हे त्याला कळेना. उड्डाण अर्धवट राहिलं.

“म्हणजे इंजिन बंद केलं असतं तर?”

“आधी थांबायचं, पार्किंग ब्रेक लावायचा, मग इंजिन बंद. ट्रॅकरवर ‘पूर्ण’ दिसेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्यानंतरच सिम्युलेटर बंद करायचा.”

“एवढंच?”

एवढंच. पण ते कोणी सांगितलेलं नसतं.

गोंदिया ते नागपूर: पहिल्या उड्डाणासाठी हा मार्ग का चांगला?

पहिलं काम निवडताना नवखे मोठ्या रकमेच्या मागे लागतात. चारशे किलोमीटर लांब, रात्रीचं, ढगातलं काम घेतात आणि अडकतात. पहिलं काम तासाभराच्या आतलं, दिवसाचं आणि ओळखीच्या भागातलं असावं.

बिरसी ते नागपूर सरळ रेषेत साधारण ७४ नॉटिकल मैल, म्हणजे १३७ किलोमीटर. सेसना १७२ सारखं चार आसनी विमान ११० नॉटच्या आसपास वेगाने गेलं, तर चाळीस मिनिटं. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून पन्नास. दिशा साधारण २५० अंश, म्हणजे पश्चिमेकडे थोडी दक्षिणेला झुकलेली.

आणि वाट चुकायची भीती कमी, कारण खाली रेल्वे आहे. गोंदिया, तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, कामठी, नागपूर. रूळ पकडून उडणं ही वैमानिकांची जुनी युक्ती. वाटेत तिरोड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या, मग वैनगंगेचं पात्र, नागपूरच्या अलीकडे कन्हान. जीपीएस बंद पडला तरी चालेल.

उंची ४,५०० फूट. आकडा असा का? दृष्टीच्या भरवशावर उडणाऱ्या विमानांनी पश्चिमेकडे जाताना सम हजार अधिक पाचशे आणि पूर्वेकडे जाताना विषम हजार अधिक पाचशे फुटांवर उडायचं, असा नियम आहे. समोरासमोरची विमानं त्यामुळे वेगवेगळ्या उंचीवर राहतात. परत येताना हीच उंची ५,५०० होईल.

माल आणि इंधन: आधी बेरीज, मग उड्डाण

इथे दुसरा सापळा आहे. सेसना १७२ एस मॉडेलचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन १,१५७ किलो. रिकाम्या विमानाचं वजन वजा केलं, की माणसं, माल आणि इंधन मिळून साधारण ३९० किलो उरतात. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येणारं इंधन सुमारे २०० लिटर. विमानाचं पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे त्याचं वजन १४४ किलोच्या आसपास. वैमानिकाचे ७५ किलो धरा. मालासाठी उरले जेमतेम १७०.

म्हणजे २२० किलोचं काम घेतलं आणि टाक्या फुल्ल केल्या, तर विमान जड झालं. पण या प्रवासाला फुल्ल टाकी लागतच नाही. तासाला ३५ ते ४० लिटर खर्च धरला आणि वर राखीव ठेवलं, तरी १०० लिटर पुरेसे. मग मालाला २४० किलो मिळतात.

ही बेरीज काम घेण्याआधी करायची. बाहेरून जोडलेल्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये इंधन आणि माल ट्रॅकरच विमानात चढवतो. उड्डाण सुरू झाल्यावर सिम्युलेटरच्या मेन्यूत जाऊन इंधन वाढवलं, की आकडे जुळत नाहीत आणि काम रद्द होऊ शकतं.

भाड्याचाही हिशेब असतो. एफएसइकॉनॉमीत विमान ‘वेट’ किंवा ‘ड्राय’ भाड्याने मिळतं. वेटमध्ये इंधन भाड्यात धरलेलं असतं, ड्रायमध्ये ते तुमच्या खिशातून जातं. पहिल्या उड्डाणाला वेट घेतलेलं बरं, हिशेब सोपा राहतो.

उतरताना नवखे कुठे चुकतात?

उंची दाखवणारं यंत्र जमिनीपासूनची नाही, समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,०३३ फुटांवर आहे. काट्यावर १,५०० फूट दिसत असतील, तर तुम्ही जमिनीपासून जेमतेम पावणेपाचशे फुटांवर आहात. हे विसरलं, की खेळ तिथेच संपतो.

म्हणून आधी गणित: ४,५०० वरून धावपट्टीभोवतीच्या फेरीसाठी २,००० फुटांवर यायचं. उतरायचे २,५०० फूट. मिनिटाला ५०० फूट या वेगाने पाच मिनिटं. ११० नॉटने पाच मिनिटांत नऊ मैल, म्हणजे १७ किलोमीटर कापले जातात. कामठी डाव्या-उजव्या बाजूला दिसायच्या आतच उतरायला सुरुवात करायची.

नागपूरची धावपट्टी १४ आणि ३२ अशा दोन दिशांनी वापरता येते. वारा समोरून येईल ती निवडायची. शेवटच्या टप्प्यात वेग ६५ नॉटच्या आसपास.

बहुतेक ट्रॅकर टेकण्याच्या क्षणी विमान किती वेगाने खाली येत होतं, हेही नोंदवतात. मिनिटाला १००-२०० फूट म्हणजे छान. ६०० फूट म्हणजे सेकंदाला १० फूट. मोठ्या प्रवासी विमानांची रचना करताना उतरण्याच्या धक्क्यासाठी हाच आकडा आधाराला घेतात. तुमच्या नोंदीत तो दिसला, तर पगार मिळेल, पण प्रवासी पुन्हा तुमच्याबरोबर बसणार नाहीत.

हे नागपूरला नवीन नाही

माल घेऊन छोट्या विमानाने जाणं, हे खेळातलं पहिलं काम आपल्याकडच्या हवाई वाहतुकीचंही पहिलं काम होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा यांनी पस मॉथ जातीच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणलं. त्या विमानात प्रवासी नव्हते, पत्रांच्या थैल्या होत्या.

नागपूरचा वाटाही मोठा आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासहून विमानं रात्री नागपूरला यायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत. थैली योग्य विमानात चढली आणि पोहोचल्याची नोंद झाली, तरच ते उड्डाण उपयोगाचं. ट्रॅकर आज वेगळं काही मागत नाही.

तिसरा प्रयत्न, काकांच्या समोर

दिवाळीला मी मावशीकडे गेलो होतो. तोवर एक गोष्ट मला माहीत नव्हती. घरात दोन एकर धानाची जमीन विकायचा विषय निघाला होता. फ्लाइंग स्कूलची फी भरायला. भावाने काकांना सांगितलं होतं, “बाबा, मला येतं. दाखवतो.” म्हणून त्याला ते उड्डाण पूर्ण करायचंच होतं.

काका खुर्ची ओढून मागे बसले. ट्रॅकरचा नकाशा त्यांच्या फोनच्या ब्राउझरवर उघडून दिला. ठिपका सरकायला लागला.

“हे तिरोड्याचंच स्टेशन का रे?”

“हो बाबा. आता वैनगंगा येईल.”

नदी आली. काका काही बोलले नाहीत, पण फोन डोळ्यांजवळ धरला.

नागपूरला तो उंच आला. उतरायला उशिरा सुरुवात केली होती. धावपट्टी पुढे पळत होती आणि विमान अजून वर. मला वाटलं, आता हा नाक खाली दाबणार. वडील मागे बसलेत, तिसरी वेळ आहे. त्याने पूर्ण शक्ती दिली, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर घेतले आणि विमान वर काढलं. एक फेरी मारून पुन्हा आला. या वेळी नीट टेकलं. टॅक्सी-वे, स्टँड, ब्रेक, इंजिन बंद. हात मांडीवर ठेवून बसला. ट्रॅकरवर ‘पूर्ण’ आलं, पैसे जमा झाले.

काकांनी विचारलं, “पहिल्यांदा का नाही उतरवलं?”

“जमलं नसतं, बाबा.”

हे तास खऱ्या परवान्यात धरतात का?

नंतर अंगणात काकांनी मला तोच प्रश्न विचारला. “सरकार हे तास धरतं का रे?”

नाही. घरच्या कॉम्प्युटरवरचा एकही तास धरत नाहीत. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी डीजीसीएच्या नियमांनुसार किमान २०० तासांचं खरं उड्डाण लागतं आणि वय १८ पूर्ण असावं लागतं. काही तास सिम्युलेटरवर करता येतात, पण ते मान्यताप्राप्त यंत्रावर, मर्यादित आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. खर्च बहुतेक ठिकाणी चाळीस लाखांच्या पुढे जातो. आणि परवाना हातात आला म्हणजे नोकरी मिळाली, असंही नाही.

मग या खेळाचा उपयोग काय? यंत्रं वाचायची सवय होते. यादी बघून काम करायची शिस्त लागते. नकाशा, वारा, वजन, इंधन यांची गणितं अंगवळणी पडतात. आवड टिकते की महिन्याभरात संपते, हे कमी खर्चात कळतं. पण खऱ्या विमानातला हादरा, कानांवरचा दाब, पोटातली मळमळ आणि चूक झाली तर जिवाची किंमत, यातलं काहीच खुर्चीत बसून कळत नाही. उलट काही वाईट सवयीही लागतात. बाहेर न बघता सतत काट्यांकडेच बघायची सवय प्रशिक्षकांना मोडावी लागते.

मी काकांना एकच सांगितलं. जमिनीचा विषय काढण्याआधी डीजीसीएची वैद्यकीय तपासणी करून घ्या. आधी क्लास टू, मग क्लास वन. डोळे, कान, हृदय यांत काही निघालं, तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं.

जानेवारीत क्लास टूची तारीख घ्यायची ठरली आहे. जमिनीबद्दल सध्या कोणी बोलत नाही. भावाच्या खात्यात त्यानंतर अकरा उड्डाणं जमा झालीत. त्यातलं एकही अर्धवट नाही.

पहिल्या उड्डाणाआधी ही यादी फोनमध्ये ठेवा

- काम छोटं घ्या: तासाभराच्या आत, दिवसाचं, ओळखीचा भाग.
- माल, माणसं आणि इंधन यांच्या वजनाची बेरीज काम घेण्याआधी करा.
- कामात दिलेलंच विमान, दिलेल्याच विमानतळावर उभं करा.
- इंजिन सुरू करण्याआधी ट्रॅकर जोडलाय का आणि ‘स्टार्ट’ झालंय का, ते बघा.
- उड्डाण सुरू झाल्यावर मेन्यूतून इंधन किंवा वजन बदलू नका.
- पोहोचायच्या विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची कागदावर लिहून ठेवा.
- उंच आलात, वेग जास्त आहे, तर पुन्हा फेरी मारा. त्याचे पैसे कापत नाहीत.
- उतरल्यावर क्रम चुकवू नका: थांबा, पार्किंग ब्रेक, इंजिन बंद, ट्रॅकरवर ‘पूर्ण’. सिम्युलेटर सगळ्यात शेवटी बंद.
- लॅपटॉपवर खेळत असाल तर चार्जर लावून बसा. पन्नासाव्या मिनिटाला बॅटरी संपली, तर ट्रॅकरला तुमचं विमान हवेतच राहिलेलं दिसतं.